वावरांतील एक दिवस : कुटुंबाच्या सहलीची योजना

गेल्या दोन-तीन वर्षांत वर्धा व नागपूर येथील कित्येक कुटुंबांकडून आमच्याकडे एकच विचारणा होऊं लागली आहे : "मुलांना एक दिवस वावर दाखवावयाचें आहे, केव्हां यावें, काय पाहावें व खर्च किती येईल?" सभासदांकडूनहि तशीच विचारणा होत असते, फरक इतकाच कीं, त्यांचा प्रश्न "शहरचीं माणसें येऊं म्हणतात, त्यांना दाखवावें काय व त्यांच्याकडून घ्यावें काय?" असा असतो. दोन्ही प्रश्न एकाच विषयाचे असल्यामुळें त्यांचें उत्तर एकत्र देणें सोयीचें होईल, असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवतों. अशा सहलीचा दिवस फसतो तो बहुधा एकाच कारणानें फसतो. तो शाळेच्या सुट्टीवरून ठरविला जातो, पिकावरून नव्हे. मे महिन्यांत मुलें मोकळीं असतात म्हणून कुटुंब मे महिन्यांत येतें. त्या वेळीं वावर नांगरून उघडें पडलेलें असतें, पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, विहिरीला पाणी बेताचें असतें, आणि मुलें दहा वाजतांच सांवलीला बसून मोबाईल हातीं घेतात. घरीं परततांना त्यांची समजूत एवढीच होते कीं, शेत म्हणजे तापलेली माती. तेंच कुटुंब डिसेंबरांतील एखाद्या रविवारीं आलें असतें, तर एकाच दिवसांत कपाशीची वेचणी, तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे आणि संत्र्यांनीं वाकलेलीं झाडें पाहून गेलें असतें. म्हणून आमचा पहिला व शेवटचा नियम हा कीं, दिवस पिकाला विचारून ठरवावा.

ही चाल नवी नाहीं

कुटुंबासह रानांत जाऊन जेवण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. कार्तिकांत आवळीभोजनासाठीं बायकामुलें आवळ्याच्या झाडाखालीं जमतात. लातूर व धाराशिव भागांत मार्गशीर्षांतील वेळ अमावस्येला गांवेंच्या गांवें शेतावर जातात, भज्जी व आंबील यांचें जेवण होतें, व ज्याला शेत नाहीं त्यालाहि कोणीतरी आपल्या शेतावर बोलावितो. हुरडा तर सर्वांच्याच परिचयाचा. नवें आहे तें इतकेंच कीं, आतां नातेंगोतें नसलेलीं माणसेंहि पैसे देऊन येऊं इच्छितात. पुणें जिल्ह्यांतील बारामती तालुक्यांत पळशीवाडी येथें २००५ च्या सुमारास असा उद्योग पद्धतशीरपणें सुरू झाला, व पुढें त्याचें अनुकरण पुष्कळ ठिकाणीं झालें. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण जाहीर केलें; त्याप्रमाणें किमान १ एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करतां येते.

मोठ्या शहरांभोंवतीं या उद्योगानें आतां उद्यानाचें रूप घेतलें आहे. उंच तारेवरून घसरणें, दोरांच्या जाळीवर चढणें, चिखलांत लोळणें असे साहसाचे खेळ तेथें मांडलेले असतात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु आपल्या सभासदानें कर्ज काढून तसें उद्यान उभारावें, असें आम्ही सुचविणार नाहीं. कडुनिंबाच्या भक्कम फांदीला बांधलेला झोका, बंडींतून धुऱ्याधुऱ्यानें फेरी, कुटाराच्या ढिगावर उडी आणि पाटाच्या गुडघाभर पाण्यांत चालणें एवढें साहस शहरच्या मुलास पुरेसें होतें. दोर मात्र नवा असावा, व मूल बसण्यापूर्वीं त्यावर दोन मोठ्या माणसांचा भार देऊन पाहावा.

हातांनीं शिकणें

वर्धा जिल्ह्यास या बाबतींत एक वारसा आहे. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें भरलेल्या शिक्षण परिषदेंत गांधीजींनीं नई तालीमचा विचार मांडला. मुलानें हातानें कांहीं उपयुक्त काम करावें व त्या कामांतूनच गणित, भाषा व सृष्टिज्ञान शिकावें, हा त्याचा गाभा. शेतावरील एका दिवसानें शिक्षण पुरें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण हाच मार्ग त्या दिवसालाहि लागू पडतो. मुलांना पीक नुसतें दाखवूं नये. त्यांच्या हातून थोडें काम करून घ्यावें व तें मोजून दाखवावें.

गेल्या हंगामांतील एक प्रसंग सांगतों. एका सभासदाच्या वावरांत नागपूरचें एक कुटुंब आलें होतें. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या कमरेला ओटी बांधून त्याला वेचणीला लाविलें. तासाभरानें तो मोठ्या अभिमानानें ओटी घेऊन आला; वजन केलें तें ८०० ग्रॅम भरलें. मग सभासदानें त्याला हिशेब घातला. एका बोंडांतून सुमारें ४ ग्रॅम कापूस निघतो असें धरलें, तर १ किलोला किती बोंडें? मुलानें २५० असें उत्तर दिलें. त्या कापसांत सरकीचें वजन सुमारें दोन तृतीयांश. रुई उरली तिसरा हिस्सा. तर तूं वेचलेल्या कापसांत तुझा एक सदरा होईल काय? मुलगा आपल्या सदऱ्याकडे पाहत राहिला. शेजारच्या ओळींत वेचणाऱ्या बाईची ओटी तेवढ्या वेळांत कितीदां रिकामी झाली होती, हें त्यानें आपण होऊनच विचारलें. आमच्या मतें त्या कुटुंबाची सहल त्याच क्षणीं सफल झाली.

कोणत्या महिन्यांत काय

आपल्या आठ तालुक्यांत पिकें सारखीं नाहींत. म्हणून जाण्यापूर्वीं त्या त्या शेतकऱ्यास विचारूनच बेत करावा. साधारण मान पुढीलप्रमाणें समजावें.

पावसाळ्यांत, आषाढ-श्रावणांत, वावर हिरवें असतें व डवरणी चाललेली असते. पण काळ्या मातीचा चिखल पायाला शेरभर चिकटतो, धुऱ्यावर गवत माजतें व साप निघतात. लहान मुलांना या दिवसांत आंत नेऊं नये. या ऋतूंत खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे पोळा. दुसऱ्या दिवशींचा तान्हा पोळा तर मुलांचाच. लांकडी बैल घेऊन तीं मिरवितात. सेलू तालुक्यांतील सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा त्यासाठीं प्रसिद्ध आहे.

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी व मळणी होते. यंत्राची धूळ व धांवपळ यांमुळें हे दिवस पाहुण्यांचे नव्हत. दिवाळीनंतर मात्र वेचणी जोरांत येते, आणि कारंजा, आर्वी व आष्टी या तालुक्यांत आंबिया बहाराचीं संत्रीं तोडणीस येतात. डिसेंबर-जानेवारींत तुरीच्या शेंगा भरतात. मिठाच्या पाण्यांत उकडलेल्या ओल्या शेंगांसारखा खाऊ विकत मिळत नाहीं. जानेवारींत हरभऱ्याचा हुळा होतो. त्यापुढें समुद्रपूर तालुक्यांत वायगांवच्या हळदीची काढणी, उकळणी व वाळवणी पाहावयास मिळते. या हळदीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. ज्यांना जनावरांची आवड आहे त्यांनीं आपल्या जिल्ह्याचा गवळाऊ गोवंश जेथें राखला आहे असा गोठा निवडावा. पांढरा, सडपातळ, चालीला चपळ असा हा बैल मुलांना लगेच आवडतो.

हुरड्याविषयीं वेगळें सांगणें जरूर आहे. ज्वारीचा दाणा दुधाळ अवस्थेंतून कणकेसारखा मऊ होतो, तेव्हांच त्याचा हुरडा होतो. ही स्थिति एका तुकड्यांत आठवडा-दहा दिवसांहून अधिक टिकत नाहीं. म्हणून हुरड्याची तारीख महिनाभर आधीं कायम करणें व्यर्थ होय. ज्या शेतकऱ्यास हुरड्यासाठीं पाहुणे बोलवावयाचे असतील त्यानें आठ-दहा दिवसांच्या अंतरानें तीन-चार पट्ट्यांत पेरणी करावी, म्हणजे हंगाम महिनाभर चालतो. आपल्याकडे ज्वारी कमी झाल्यामुळें उरलेल्या पिकावर पांखरें व रानडुकरें तुटून पडतात. तेव्हां राखणीचा खर्चहि हिशेबांत धरावा.

दिवसाची आंखणी

थंडीच्या दिवसांत सकाळीं आठच्या सुमारास पोंचावें. पहिला अर्धा तास फिरण्यांत न घालवितां मांडवाखालीं बसून चहा किंवा ताक घ्यावें, व त्या वेळींच शेतकऱ्यानें कोठें जावयाचें व कोठें जावयाचें नाहीं हें सर्वांना सांगावें. साडेआठ ते अकरा हा कामाचा वेळ. वेचणी, शेंगा तोडणें, भाजीला पाणी देणें यांपैकीं कोणतीहि दोनच कामें घ्यावींत. पांच कामें घेतलीं म्हणजे एकहि धड होत नाहीं. अकरा वाजतां बंडींतून फेरी. बंडींत सहांपेक्षां अधिक माणसें नसावींत, व बैल रोजच्या गड्याच्याच हातीं असावेत.

जेवण साडेबारा-एकला. शहरांतील खाणावळीचे पदार्थ येथें करण्याचा मोह टाळावा. गोवऱ्यांच्या विस्तवांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, ठेचा व शेवटीं गूळ-तूप हें जेवण वऱ्हाड-नागपूरकडील माणसास परकें नाहीं, आणि शहरांत तें सहसा मिळत नाहीं. रोडगे भाजण्यास वेळ लागतो. तेवढ्यांत मुलांना विस्तवाजवळ, पण हातभर दूर बसवून तें काम दाखवावें. जेवणानंतर तासभर झाडाखालीं विसांवा. वृद्ध माणसांसाठीं दोन खाटा व बायकांसाठीं आडोशाचें, स्वच्छ, पाण्याची सोय असलेलें शौचकूप या गोष्टी नसतील तर पाहुणे बोलावूंच नयेत. पुष्कळ कुटुंबें दुसऱ्यांदा येत नाहींत तीं या एकाच उणिवेमुळें.

तीननंतर परतीच्या वाटेवर एखादें ठिकाण पाहतां येईल, पण एकच. वर्ध्याकडे जाणाऱ्यांस गांधीजी १९३६ पासून जेथें राहिले त्या सेवाग्राम आश्रमांतील कुटी, किंवा १९३८ सालीं स्थापन झालेलें मगन संग्रहालय सोयीचें. तेथें खादी व ग्रामोद्योगांचीं साधनें पाहिल्यावर सकाळच्या कापसाचा धागा मुलांच्या मनांत पुरा होतो. नागपूरच्या वाटेवर पवनार येथें धाम नदीकांठीं विनोबांचा आश्रम आहे. बोर व्याघ्र प्रकल्प मात्र याच दिवसांत कोंबूं नये. त्यास स्वतंत्र दिवस द्यावा.

जीविताची काळजी

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं लेखणी विशेष हातीं घेतली ती सांगतों. तीन वर्षांपूर्वीं आमच्या समक्ष एका वावरांत पांच वर्षांचें मूल पडक्या कठड्याच्या विहिरींत डोकावण्यास गेलें. पायाखालची माती सरकली. जवळ उभ्या असलेल्या गड्यानें त्याचा सदरा धरला म्हणून तें वांचलें. त्या दिवशीं जेवण तसेंच राहिलें. शेतकऱ्याचा दोष म्हणावा, तर ती विहीर त्याच्या बापाच्या वेळेपासून तशीच होती, व घरच्या मुलांना ती ठाऊक होती. पण पाहुण्याच्या मुलाला ती ठाऊक नसते, हेंच येथें ध्यानांत घ्यावयाचें. आपल्या अंगवळणीं पडलेला प्रत्येक धोका पाहुण्यास नवा असतो.

म्हणून विहिरीस छातीइतका कठडा व वर जाळी असल्याखेरीज कोणासहि बोलावूं नये. शेततळें तर त्याहून घातक; त्यांतील प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला तर पोहणाऱ्यासहि वर येतां येत नाहीं. त्याला कुंपण, तळापर्यंत सोडलेला गांठींचा दोर व हवा भरलेली नळी हीं असावींतच. मोटारपंपाची पेटी कुलपांत ठेवावी. रानडुकरांसाठीं कुंपणांत थेट विजेचा प्रवाह सोडणें हा गुन्हा तर आहेच, पण त्यानें माणसेंहि मरतात. सौर कुंपणाचा झटका त्या मानानें सौम्य असला तरी पाहुणे असतांना तेंहि बंद ठेवावें.

फवारणीची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरलों नाहीं. ज्या तुकड्यावर फवारा मारला असेल तेथें डब्यावरील सूचनेंत सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत पाहुण्यांस नेऊं नये, व तेथील शेंग किंवा भाजी तोडून खाऊं देऊं नये. पाहुण्यांसाठीं खाण्याच्या पिकाचा एक लहान तुकडा बिनफवारणीचा राखावा हें उत्तम. औषधांचे रिकामे डबे मुलांच्या दृष्टीसहि पडूं नयेत.

हुरड्याची आगटी पेटविण्यापूर्वीं वर झाडाकडे पाहावें. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखालीं धूर केला, तर माशा उठून सर्वांवर तुटून पडतात. सर्वांच्या पायांत बंद जोडे असावेत. साप चावल्यास कापूं नये, चोखूं नये, आवळून बांधूं नये व मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये. चावलेला अवयव हलूं न देतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानें सर्पविषावरील लस असलेल्या दवाखान्यांत न्यावें. सेवाग्रामचें कस्तुरबा रुग्णालय आपल्या जिल्ह्यांत आहे. इतर तालुक्यांतील सभासदांनीं जवळचें ग्रामीण रुग्णालय आधींच ठरवून ठेवावें.

पाहुण्यांनीं पाळावयाचें

वावर हें कोणाच्या तरी वर्षभराच्या अन्नाचें साधन आहे, याची जाणीव कुटुंबानें ठेवावी. धुरा सोडून हरभऱ्यांत शिरूं नये. चार माणसांनीं फोटोसाठीं तुडविलेल्या जागेंतील घाटे पुन्हां येत नाहींत. जनावरांना घरून आणलेल्या पोळ्या, भात किंवा धान्य देऊं नये. एकदम पडलेल्या अशा खाण्यानें बैलाचें पोट फुगतें. ज्वारीचें कोवळें, न फुललेलें धाट उपटून मुलांनीं कौतुकानें गाईपुढें टाकूं नये, कारण त्यांत विषारी द्रव्य असून त्यानें जनावर दगावतें. वाळलेल्या पऱ्हाटीजवळ व कुटाराजवळ विडी-सिगारेट पेटवूं नये. प्लास्टिकचा कचरा आपल्याबरोबर परत न्यावा. तो जनावरांच्या पोटांत जातो.

पैशाचा हिशेब

पैसे मागण्याचा आपल्या लोकांस संकोच वाटतो, व त्यामुळें घरच्या बायकांचे श्रम फुकट जातात. समजा, एका दिवशीं २० माणसें आलीं. वाणसामान व दूधदुभतें ३,००० रुपये. सरपण-गोवऱ्या व पाणी ३०० रुपये. एवढ्यावरच थांबलें तर माणशीं १६५ रुपये पडतात, व शेतकरी १७० रुपये सांगून पांच रुपये सुटले असें समजतो. पण दोन बायका पहाटेपासून राबल्या व एक माणूस दिवसभर पाहुण्यांबरोबर फिरला. त्यांची मजुरी १,२०० रुपये धरली पाहिजे. एकूण ४,५०० झाले. त्यांवर कठडा, मांडव, शौचकूप यांच्या दुरुस्तीसाठीं व नफ्यासाठीं चौथाई, म्हणजे १,१२५ रुपये मिळविले कीं ५,६२५ होतात; माणशीं सुमारें २८० रुपये. आंकडे ज्यानें त्यानें आपले घालावेत. रीत हीच ठेवावी. तिसरा हिस्सा आगाऊ घ्यावा, कारण भाजलेला हुरडा दुसऱ्या दिवशीं विकतां येत नाहीं. आणि बायकांच्या श्रमाची रक्कम त्यांच्याच हातीं द्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

पाहुण्यांनींहि घासाघीस करूं नये. परततांना तूरडाळ, हळद, संत्रीं यांपैकीं कांहीं बाजारभावानें घरीं न्यावें, व पुढील वर्षीं तेथूनच मागवावें. अडत व दलाली वगळून दोन घरांमध्यें असा व्यवहार जुळला, तर शेतकऱ्यास एका दिवसाच्या भोजनखर्चापेक्षां त्याचा अधिक आधार होईल.

आपल्या सभासदांचीं पुष्कळ मुलें आज नागपूर-पुण्यास नोकरी करतात, व नातवंडांस तूर कोणती व कपाशी कोणती हें सांगावें लागतें. तेव्हां हा लेख परक्या पाहुण्यांपुरताच आहे असें कोणीं समजूं नये. येत्या हंगामांत पहिलें आमंत्रण आपल्याच घरच्यांस द्यावें. विहिरीचा कठडा मात्र त्यापूर्वीं बांधून घ्यावा.